पाठीवरचे डाग

पूर्णेला राहायला आल्यावर पहिल्या महिन्याभरात माझी अशी समजूत झाली, की या भागातली माणसं फार पडतात. कुणी आंब्यावरून पडलेला, कुणी माळवदावरून, कुणी विहिरीच्या कठड्यावरून. बाकीच्यांना बैलानं मारलेलं असायचं. दवाखान्याच्या ओसरीवर पाण्याची कळशी भरताना हे सगळं माझ्या कानांवर पडायचं. एकदा न राहवून मी यांना म्हटलं, "अहो, इथे झाडं ती किती आणि त्यांच्यावरून पडणारे किती!" हे हात धूत होते. म्हणाले, "झाडावरून पडलेल्या माणसाचे दोन्ही तळवे सारखे सुजत नाहीत." त्यानंतर मी झाडांची चेष्टा केली नाही.

हे म्हणजे माझे यजमान. डॉक्टर. आमचं सगळं आयुष्य हैदराबादेत गेलेलं. यांची सरकारी दवाखान्यात चांगली नोकरी होती, मला गच्चीवर तुळशी-मोगरा होता, आणि पूर्णा हे गाव मला फक्त गाडी बदलण्यापुरतं माहीत होतं. मग एके दिवशी कोठडीत मेलेला एक माणूस यांच्यासमोर आणला. वरून निरोप आला, तापानं गेला असं लिहा. यांनी तपासून पाहिलं आणि ताप नव्हता असं लिहिलं. एवढ्यावरून यांना शहरबदर केलं. पूर्णेत राहायचं, रोज सकाळी चौकीवर तोंड दाखवायचं, गावाची हद्द ओलांडायची नाही. एका अंगाला रेल्वेचं फाटक आणि दुसऱ्या अंगाला नदी, अशी ती हद्द. नदीत पाय बुडवायला मुभा होती, पलीकडे पाऊल टाकायला नव्हती.

मी रडले नाही. मला रडू कमी आणि राग जास्त येतो. आगगाडीत बसल्यापासून मी यांच्यावर, सरकारवर आणि शेजारच्या बाकावर घोरणाऱ्या एका बिचाऱ्या माणसावर सारखीच चिडलेली होते. "तुम्हाला दोन अक्षरं खोटी लिहायला काय झालं होतं?" असंही मी नांदेडच्या अलीकडे म्हणून घेतलं. यांनी खिडकीबाहेर बघत सांगितलं, "तो माणूस मेला होता गं. त्याच्याविषयी बोलायला मीच एकटा उरलो होतो." माझा राग मात्र काही गेला नाही.

स्टेशनमागच्या चाळीत दोन खोल्या मिळाल्या. बाहेरच्या खोलीत दवाखाना, आतल्या खोलीत संसार. शेजारी रेल्वेतल्या एका फायरमनचं कुटुंब. त्याच्या बायकोला मी आपा म्हणायची. ती मला भाबी म्हणायची आणि माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवायची. तिच्यासारखी शेजारीण मला पुढे कुठेही मिळाली नाही.

निजामीचं ते शेवटचं वर्ष होतं, पण शेवटचं आहे हे तेव्हा कुणाला ठाऊक! मोंढ्याच्या पलीकडे एका गोदामात खाकी कपड्यांतल्या लोकांनी तळ टाकला होता. गावोगावची माणसं तिथं चौकशीला बोलावली जायची. अमुक माणसाला कुणी भाकरी दिली, तमुक रात्री कुणाच्या गोठ्यात कोण झोपलं, अशी चौकशी. ती संपली की सोडून द्यायचे. मग ती माणसं आमच्या ओसरीवर येऊन झाडावरून पडल्याचं सांगायची.

यांच्याजवळ द्यायला होतं तरी काय! टिंक्चर, बोरिक, पट्ट्या, आणि गाडीवरचा कुणी ओळखीचा माणूस मुंबईहून आणील तेव्हा सल्फाची पूड. पट्ट्या संपल्या की माझी जुनी लुगडी. हे जखमा धुवायचे, हाड बसवायचे, आणि माणूस चालायला लागला की त्याला पुन्हा बोलावणं यायचं. एक म्हातारा असा परत परत आला. शेवटच्या खेपेला हे त्याचा पाय मांडीवर घेऊन नुसते बसून राहिले. म्हातारा यांनाच धीर देत होता, "हू द्या डाक्टर सायब, तुमी काय करणार." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हे चौकीवर जाऊन जमादाराला सलाम करून आले, वर त्याच्या मूळव्याधीचं औषधही देऊन आले. मी म्हटलं, "त्याला तिखटाची पुडी द्यायची होती." तर म्हणाले, "तोही रोगीच आहे." असं काही बोलले की मला भांडी आपटावीशी वाटत.

त्या लोकांखेरीज यांचं दुसरं भांडण होतं ते डागाशी. आता नव्या लोकांना डाग म्हणजे काय ते सांगावं लागतं. आमच्याकडे खेडोपाडी कावीळ झाली, पोटात गोळा उठला, लेकरू दूध टाकायला लागलं, की विळा नाहीतर सळई चुलीत लाल करून अंगाला टेकवायचे. त्याला डाग देणं म्हणायचे. गावात डाग देणारा एखादा जाणता असायचाच, आणि त्याचा मान डॉक्टरपेक्षा मोठा. पोटावर डाग असलेलं तान्हं मूल कुणी घेऊन आलं, की आमच्या डॉक्टरांचा तोल जायचा. एरवी आवाज न चढवणारा हा माणूस ओसरीवर उभा राहून सगळ्यांना सुनवायचा. बायका पदराआड हसायच्या. "डाक्टर सायबाला डागाचं नाव काढू नका, इंगळी डसल्यावानी करतेत," असं आमच्या ओसरीवर सर्रास म्हटलं जायचं. मलाही त्याचं हसू यायचं. त्या हसण्याची पुढे केवढी किंमत पडणार आहे हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

तो आला तेव्हा ज्वारी हुरड्यात होती. नदीपलीकडच्या गावचा, दोन कोसांवरचा. स्वतःची थोडी जमीन होती आणि बैलगाडी होती. गावची माणसं, कापूस, नवरी-नवरदेव, काय असेल ते स्टेशनावर आणून सोडायचा. कुठल्याशा रात्री त्यानं गाडीतून कुणाला तरी स्टेशनावर पोचवलं, असा तळावरच्या लोकांना संशय होता. नेलं असेल, नसेलही. कुणाला नेलंस, एवढंच ते विचारत होते, आणि त्यानं ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. आम्हालाही नाही.

त्याला घेऊन आली त्याची आई. विधवा, उंच, खणखणीत आवाजाची बाई. दवाखान्यात पाऊल ठेवताच तिनं हकीकत सुरू केली. "डाक्टर सायब, ह्येला तिथं कावीळ झालती बगा. अन्न न्हाई, पानी न्हाई, काय व्हईल दुसरं! पन तिथं बी देवमानूस असतोय. कुन्या जाणत्यानं ह्येच्या पाठीवर डाग दिले, म्हनून लेकरू जितं आलं. आता तुमी वरडू नका बरं का, तुमाला डाग खपत न्हाई ठावं हाय मला."

हे ओरडले नाहीत. त्याचा सदरा पाठीला चिकटला होता, तो कोमट पाण्यानं सोडवत होते. सदरा निघाला आणि यांनी मान वर न करता तिला सांगितलं, "मावशी, बैलांना पाणी दाखवून या." ती बाहेर गेली. मी दिवा धरून उभी होते. त्या उजेडात जे दिसलं ते मी इथे लिहीत नाही. एवढंच सांगते, की कुठलाही जाणता कुठल्याही रोगावर इतके डाग देत नाही.

तो जमिनीकडे बघत हळूच म्हणाला, "तिला सांगू नका."

यांनी विचारलं, "का?"

"मला बलावणं आलं तवा म्या पळून जानार हुतो. वऱ्हाडात मामाकडं. मायनंच अडवलं. म्हणली, तू काय केलं न्हाईस तर भ्यायचं कामून? जा, तोंडावर सांगून ये. दशमी बांधून दिली तिनं मला." मग जरा थांबून म्हणाला, "तिला कळलं तर ती हीर जवळ करंल, डाक्टर सायब. तुमाला शपत हाय."

यांनी शपथ घेतली. दिवा धरलेला होता म्हणून ती माझ्याही गळ्यात पडली.

त्याची पाठ भरून यायला फार वेळ लागला. पण पाठीपेक्षा दुसरंच काही अवघड होतं. पहिल्याच दिवशी चिमटे उकळायला मी स्टोव्ह पेटवला. त्याचा भडका होऊन घर्र आवाज सुरू झाला, आणि हा माणूस उठून कोपऱ्यात जाऊन भिंतीला पाठ लावून उभा राहिला. अंगावरून घामाच्या धारा. डोळे आमच्याकडे, पण आम्ही त्याला दिसत नव्हतो. यांनी स्टोव्ह विझवायला लावला, आणि स्वतः त्याच्यापासून लांब, दाराशी जाऊन जमिनीवर बसले. बराच वेळ तसेच बसले. नाव घेऊन हाका मारल्या नाहीत, काही नाही. त्याच्या बैलांबद्दल विचारत राहिले. कोणता धुरेला चालतो, कोणता लाथ मारतो. शेवटी तो खाली बसला आणि म्हणाला, "तांबडा मारतोय."

त्या दिवसापासून चिमटे आपाच्या चुलीवर उकळायला लागले. ती कुरकुरायची, "भाबी, तुमारे चिमट्यांके पीछे मेरी दाल रोज रह जाती." पण तो यायचा त्या दिवशी तिची चूल आधीच पेटलेली असायची. का, कशासाठी, हे तिनं एकदाही विचारलं नाही. तिचा नवरा इंजिनावरून येता-जाता कुणाकुणाचे काय हाल झालेत ते बघत येई, त्यामुळे तिला न विचारताच पुष्कळ कळत असावं.

आपल्या पाठीमागे कुणी उभं राहिलेलं त्याला खपत नसे. बसायचा तो भिंतीला टेकून. पाठीवर पट्टी बांधायची तर हे आधी सांगत, आता मी उजवीकडून येतोय, आता हात लावतोय, गार आहे, कापूस आहे. मला वाटायचं, एवढं काय बोलायचं! पण त्या बोलण्यानंच काम केलं. आठवड्यामागून आठवडे गेले. शिमग्याच्या सुमारास एकदा मी भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. तो आला, माझ्यापुढच्या उंबऱ्यावर बसला, माझ्याकडे पाठ करून, आणि सुपातल्या मूठभर शेंगा घेऊन फोडायला लागला. माझ्याकडे पाठ करून! मी आत गेले आणि पदर तोंडात कोंबून रडले. मला रडू कमी येतं म्हणाले खरी, पण त्या दिवशी आलं.

पुढे एकदा त्यानं आपणहून चहा मागितला. मी म्हटलं, "आपाकडून आणते." तर म्हणाला, "इथंच करा की अक्का." मी यांच्याकडे पाहिलं. यांनी मान हलवली. मी स्टोव्ह पेटवला. तो बसून राहिला. गुडघे घट्ट धरून, पण बसून राहिला. चहा झाल्यावर एक घोट घेऊन म्हणाला, "लय ग्वाड केलाव. ह्यो च्या हाय का पाक?" आमचे डॉक्टर असे हसले, की हैदराबाद सोडल्यापासून त्यांना तसं हसताना मी पाहिलं नव्हतं. शहरबदर झालेल्या त्या माणसाला तेवढं एक काम तडीला गेलेलं दिसत होतं.

मी मात्र यांच्यामागे लागले होते. "तिला सांगून टाका. आई आहे ती. असं खोटं घरात ठेवू नये." तिच्या मनात तर त्या डाग देणाऱ्याविषयी इतकी भक्ती बसली होती, की ती त्याच्या नावानं मारुतीला तेल घालायची. नाव माहीत नाही म्हणून "त्या भल्या मानसाचं भलं कर" म्हणायची. ते ऐकलं की मी यांना पुन्हा छेडायची. पण हे ऐकत नसत. म्हणायचे, "ते त्याचं आहे. आपलं नाही. त्याला पाहिजे तेव्हा तो सांगेल." मी म्हणायची, "आणि नाही सांगितलं तर?" हे पट्ट्या गुंडाळायला घ्यायचे. एकदा मी त्यालाच विचारलं. तो शेंग फोडत म्हणाला, "सांगीन अक्का. म्हातारी जरा निवली की सांगीन."

उन्हाळा लागला आणि त्याला खरोखरीची कावीळ झाली.

आई एकटीच आली, पायी. डोळे पिवळे, लघवी पिवळी, अन्नाचा वास नको, सगळं तिनं बरोबर सांगितलं. यांनी सांगितलं, निजून राहू दे, उसाचा रस द्या, ताक द्या, तेल-तिखट बंद. ती वाट बघत उभी राहिली. मग म्हणाली, "अन् बाटली?"

"याला बाटली नसते, मावशी."

"सुई?"

"सुईही नसते. ही आपली आपण उतरते. वेळ लागतो."

तिचा चेहरा पडला. दोन कोस उन्हातून येऊन बाईला रसाचा सल्ला मिळाला होता. ती रस काय घरीही पाजत होतीच. मग तिनं चाचरत विचारलं, "मंग डाग देऊ का? तिथं त्यानंच गुण आलता."

"नाही!" हे ओरडले. नेहमी ओरडायचे तसंच. आणि घात तिथेच झाला. ती किंचित हसली. ओसरीवरची आणखी एक बाई हसली. इंगळी डसली, एवढाच त्याचा अर्थ त्यांना लागला. यांच्याही ते लक्षात आलं असावं, कारण मग ते उठून तिच्यापाशी गेले, आवाज खाली आणून म्हणाले, "मावशी, बाकी काहीही करा, त्याच्या पाठीला लोखंड लावू नका. माझी विनवणी समजा." ती म्हणाली, "न्हाई बापा, तुमी म्हणता तर न्हाई." मी दारातून यांना खुणावत होते, सांगा, आता तरी सांगा. यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "त्याला इथे घेऊन या," एवढं म्हणाले. "आमच्या खोलीत राहील." ती म्हणाली, अमावास्या तोंडावर आहे, आजारी माणसाला अमावास्येच्या आधी घराबाहेर काढत नाहीत, ती झाली की आणते.

ती गेल्यावर आमचं जे भांडण झालं, ते आपाच्या घरात ऐकू गेलं असणार. मी म्हटलं, "तुमची शपथ तुमच्यापाशी ठेवा, मी जाते आणि सांगते. मला कुणी हद्द घातलेली नाही." हे म्हणाले, "आणि तिनं विहीर जवळ केली, तर त्याला काय सांगशील?" मी पायात सरकवलेल्या चपला काढून ठेवल्या.  त्या बाईचा स्वभाव मी पाहिला होता. तिनं ते केलं असतं.

दुसऱ्या दिवशी यांनी चौकीवर अर्ज केला. पलीकडच्या गावात रोगी बघायला दोन तास जाऊ द्या, हवं तर जवान बरोबर द्या. जमादाराचं म्हणणं गोड होतं. "डॉक्टर साब, मेरे हाथ में रहता तो मैं छोड़ देता. हुकूम नदी तकच है." त्याच हातानं त्यानं औषधाची पुडी मागून घेतली.

मग हे रोज नदीवर जायला लागले. पाण्याची फक्त डबकी उरली होती, चार उड्या मारल्या तर पलीकडे. हे वाळूत उभे राहायचे. पलीकडे जाणाऱ्या माणसांना सांगायचे, अमक्याच्या घरी निरोप द्या, डाग देऊ नका म्हणावं. कुंभाराला सांगितलं, बाजार करून परतणाऱ्या बायकांना सांगितलं. निरोप पोचलेही. संध्याकाळी परत येताना यांच्या चपलांत वाळू असायची, आणि ती माझ्या घरभर पसरायची. मी ती झाडून टाकायची.

अमावास्या झाली आणि गाडी आली. आई धुरेवर बसली होती, गाडी तिनंच हाकली होती. तो आत पालथा होता. तिच्या चेहऱ्यावरूनच मला कळलं, कारण ती खुशीत होती.

"डाक्टर सायब, आता तुमी लय वरडणार, मला ठावं हाय," ती गाडीतून उतरता उतरता म्हणाली. "तुमचे निरोप बी आले. पन शहरातल्या डाक्टरला डाग कवा पटलाय? लेकराच्या अंगात बळ राहिलं न्हाई, नुसता छताकडं बगायला. म्या म्हणलं, एकदा ज्यानं वाचलं त्यानंच वाचंल." मग तिनं त्याची पाठ उघडून दाखवली. "जाणत्याला म्या सोता दाखवलं, कुठं द्यायचे ते. तिथं दिलते त्याच्या शेजारी शेजारी. एक बी जागा चुकू दिली न्हाई."

चुकवली नव्हती. एकेका जुन्या वणाजवळ एकेक नवा.

 मला वाटलं होतं, हे ओरडतील, निदान आज तरी. ते नुसते उभे होते, हात दोन्ही बाजूंना लोंबत होते. डॉक्टरचे हात असे रिकामे लोंबताना मी कधी पाहिले नव्हते.

"चौघं बलावले हुते धराया," ती सांगत होती, "पन धरायचं कामच पडलं न्हाई. विळा तापवूस्तोर नुसता बगत हुता. मंग म्या म्हणलं, बापा, तुज्या चांगल्यासाठी हाय, तर आपनहून पालथा झाला. हूं न्हाई का चूं न्हाई. लय धीराचं लेकरू हाय माजं."

तळावर त्यानं तोंड उघडलं नाही, आणि घरीही उघडलं नाही. एक शब्द बोलला असता तर विळा थांबला असता. तो शब्द आईच्या जिवावर बेतेल म्हणून त्यानं पाठ पुढे केली. हे मला त्या ओसरीवर उभ्या उभ्या कळलं, आणि असा राग आला, की कुणावर काढावा ते समजेना. तळावरची माणसं समोर नव्हती. ही बाई समोर होती, आणि ती तर हसत होती.

आता सांगते, असं माझ्या ओठांवर आलं. यांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत यांनी मला कधी कशाला अडवलं नव्हतं, त्या वेळी त्यांच्या नजरेत नुसती विनवणी होती. गाडीतून तोही मान वळवून माझ्याचकडे बघत होता. आधी सांगितलं असतं, तर तिला एवढंच कळलं असतं की आपण त्याला तिथं धाडलं. आज सांगणं म्हणजे तळावरच्यांनी केलं तेच तूही केलंस, असं म्हणून तिच्या हातात तो विळा देणं. मी तोंड उघडलेलं होतं. ती म्हणाली, "काय वं बाई?"

मी म्हटलं, "चहा घेणार का मावशी?"

आत जाऊन मी स्टोव्ह पेटवला. मन ठिकाणावर नव्हतं, नाहीतर आपाकडे गेले असते. स्टोव्हचा आवाज झाला आणि बाहेर काहीतरी पडलं. धावत येऊन बघते, तर जो माणूस गाडीतून धड उतरू शकत नव्हता, तो उठून ओसरीच्या कोपऱ्यात उभा होता. उघडी पाठ भिंतीला दाबून. अंगावर घामाच्या धारा. डोळे आमच्याकडे, पण दिसत काही नव्हतं.

आईनं टाळी वाजवली. "बगा, बगा! गुण यायलाय. आपल्या पायानं हुबा राहिला!"

यांनी तिला बैलांना पाणी दाखवायला पाठवलं. मग पहिल्या दिवसासारखेच लांब, दाराशी, जमिनीवर बसले आणि बैलांबद्दल विचारू लागले. या खेपेला तो काही बोलला नाही. हे विचारत राहिले. उन्हं ओसरीवरून उतरून गेली तरी विचारतच होते.

कावीळ आपली आपण उतरते, तशी उतरली. त्याचं श्रेय डागाला गेलं. गावात त्या जाणत्याचं नाव झालं आणि आईनं मारुतीला दुप्पट तेल घातलं. जखमा यांनी पुन्हा भरून आणल्या, पण ते तेवढंच. तो यायचा, सदरा काढायचा, पट्टी बांधून घ्यायचा आणि जायचा. उंबऱ्यावर बसला नाही. मी मुद्दाम शेंगांचं सूप घेऊन बसायची. तो भिंतीच्या कडेनं निघून जायचा. चहाचं पुन्हा नाव नाही. हे रात्री जेवताना एकदा म्हणाले, "सगळं पहिल्यापासून करावं लागेल." मग ताटाकडे बघत म्हणाले, "आणि आता भिऊ नकोस, तू घरी आहेस, असं त्याला कुठल्या तोंडानं सांगू?"  यांना वेदनेवर औषध माहीत होतं, भीतीवरही थोडंफार सापडलं होतं. यावर यांच्याजवळ काही नव्हतं, आणि माझ्याजवळ तर राग सोडला तर कधीच काही नव्हतं.

पाऊस संपता संपता फौजा आल्या आणि निजामी गेली. तळ एका रात्रीत रिकामा झाला. लोक पेढे वाटत होते. यांचा शहरबदरीचा हुकूम कुणी रद्द केला असंही झालं नाही, तो बजावणारंच कुणी उरलं नाही. पहिल्या सकाळी हे सवयीनं चौकीकडे निघाले आणि वाटेतून परत आले. त्याच दिवशी नदी ओलांडून त्याच्या गावाला गेले. परतल्यावर मी विचारलं, तर म्हणाले, "शेतात होता. लांबून हात जोडले त्यानं."

आम्ही हैदराबादला परत निघालो, तेव्हा स्टेशनावर आपा आली होती. ती आणि मी गळ्यात पडून रडलो, आणि तेवढ्यातही तिनं माझ्या डब्यातल्या पुऱ्यांना नावं ठेवली. गाडी सुटायला अवकाश होता तोच मायलेक आले. आईनं नवं लुगडं नेसलं होतं. तिनं माझ्या ओटीत शेंगांचं गाठोडं घातलं. तो पुढे आला नाही. फलाटाच्या भिंतीला पाठ लावून उभा राहिला. गर्दी त्याच्या समोरून जात होती. हे खाली उतरून त्याच्याशेजारी, तसेच भिंतीला टेकून उभे राहिले. 

आईनं खिडकीतून माझा हात धरला. तिला काहीतरी मोलाचं द्यायचं होतं, हे मला तिच्या तोंडावरून दिसत होतं. इकडेतिकडे बघून, डॉक्टरांना ऐकू जाणार नाही असं ती माझ्या कानाशी म्हणाली, "बाई, तुमी शिकलेली मानसं. पन माजं ऐका. तुमच्या घरात कुनाला कवा काही झालं, तर डाग द्यायला भिऊ नका. डाक्टरचं ऐकू नका. माजं लेकरू दोनदा वाचलं त्यानं. आईनं कधी भिऊ न्हाई."

मी भांडखोर बाई. कुणाचं चुकीचं बोलणं मी तसंच जाऊ दिलं नाही, सासूचंही नाही. तिच्या खांद्यावरून मला तो दिसत होता. त्याला ऐकू येत नव्हतं, पण आई काय सांगत असेल हे त्याला माहीत होतं, आणि तो माझ्या ओठांकडे बघत होता.

मी तिचा हात दाबला. म्हटलं, "बरं, मावशी. देईन."